हस्तलिखितांतील कारागीर



कारागिराने स्वतःचा इतिहास क्वचितच लिहून ठेवला. त्याचे कसब बहुधा त्याच्याबरोबरच गेले. जर्मनीतील न्यूरेंबर्ग नगरीत मात्र निराळे घडले. तेथे कोनराड मेंडेल या व्यापाऱ्याने १३८८ साली बारा वृद्ध, गरजू कारागिरांसाठी आश्रम स्थापन केला. सुमारे १४२५ पासून आश्रमवासीयांची, आपापल्या व्यवसायात मग्न अशी चित्रे एका ग्रंथात रंगविली जाऊ लागली. सुतार, चांभार, तार ओढणारा, प्रत्येकाजवळ त्याची हत्यारे दिसतात. आज हा ग्रंथ संगणकावर विनामूल्य पाहता येतो. व्यवसायाच्या जर्मन नावाने शोध घ्यावा. मात्र चित्रकार त्या धंद्यातला नसतो. म्हणून चित्रातील हत्यार उत्खननात सापडलेल्या वस्तूंशी ताडून पाहावे. शिक्षकांनी ही चित्रे विद्यार्थ्यांना दाखवावीत आणि पंचायतींनी आपल्या गावातील वृद्ध कारागिरांची अशीच सचित्र नोंद वेळीच करून ठेवावी.