जोतं घालण्याआधी

आपली कृष्णा साताऱ्याच्या डोंगरात, महाबळेश्वरी उगम पावते. कराडला तिला कोयना मिळते आणि मग ती सांगलीला येते. वर पडलेला पाऊस खाली सांगलीच्या आयर्विन पुलावर मोजला जातो. तिथं धोक्याची पातळी 45 फूट. ऑगस्ट 2019 मध्ये पाणी 57 फुटांच्या वर चढलं. 2005 आणि 2021 सालीही ते घराघरांत शिरलं होतं.

हवा तापली की ती बाष्प अधिक धरते, आणि मग थोड्या दिवसांत फार पाऊस कोसळतो. तेव्हा असे पूर पुन्हा येणार, हे धरूनच घर बांधलं पाहिजे.

आपल्या वाडवडिलांनी जमिनीचे दोन भाग केले होते : पांढरी वस्तीला, काळी पिकाला. आज आपण काळीत पाया खणतो. ही माती पावसात फुगते, उन्हात भेगाळते, अन् भिंतीही तडकतात. शिवाय ओढ्यात भराव घालून त्याची वाट अडवतो, आणि पाणी घरात आलं की दोष नदीला!

म्हणून जोतं घालण्याआधी 2019 चं पाणी कुठवर आलं होतं, ते शेजाऱ्यापाजाऱ्यांना विचारा. जोतं त्याच्या वर घ्या. जमत नसेल, तर माळा भक्कम करा. धान्य आणि कागदपत्रं तिथं ठेवा.

आणि गुरुजी, पूर आलेल्या गावात शाळेच्या भिंतीवर मुलांकडून पाण्याची रेघ काढून घ्या, शेजारी साल लिहा. उद्या हीच मुलं घरं बांधणार आहेत.