जन्मस्थान, वंश आणि नागरिकत्व



मूल ज्या भूमीवर जन्मास येते त्या भूमीचे नागरिकत्व त्यास आपोआप मिळावे, की मातापित्यांच्या नागरिकत्वावरून ते ठरावे, हा कायद्याच्या क्षेत्रातील जुना वाद आहे. भारताने आरंभी जन्मस्थानाचे तत्त्व स्वीकारले आणि पुढे तो पायरीपायरीने वंशाच्या तत्त्वाकडे वळला. या स्थित्यंतराचा संबंध घरोघरच्या जन्मनोंदीशी आहे. म्हणून ते समजून घेणे अगत्याचे ठरते.

संविधान सभेत २९ एप्रिल १९४७ रोजी सरदार पटेलांनी जन्मस्थानाच्या व्यापक तत्त्वाचा पुरस्कार केला. दक्षिण आफ्रिकेत जन्मलेल्या भारतीयांसाठी तेथील नागरिकत्वाचा हक्क मागणाऱ्यांनी स्वदेशात संकुचित दृष्टी ठेवणे योग्य नव्हे, असा त्यांचा युक्तिवाद होता. ऑगस्ट १९४९ मध्ये डॉ. आंबेडकरांनी नागरिकत्वाचा अनुच्छेद मांडला, तेव्हा एक अपवाद सोडल्यास अन्य कोणत्याही अनुच्छेदाने मसुदा समितीस एवढे सतावले नव्हते, असे त्यांनी सांगितले. या चर्चेत डॉ. पंजाबराव देशमुखांनी कडाडून विरोध केला. प्रवासात असलेल्या परकीय दांपत्यास मुंबईत मूल झाले तर तेही भारतीय ठरेल आणि भारताचे नागरिकत्व जगात सर्वांत स्वस्त होईल, अशी त्यांची हरकत होती. अंतिम अनुच्छेदात मात्र जन्माच्या जोडीस अधिवासाची अट होतीच.

पुढे १९५५ च्या नागरिकत्व अधिनियमाने २६ जानेवारी १९५० पासून भारतात जन्मणारे प्रत्येक मूल नागरिक मानले. परकीय राजदूतांची मुले यांसारखे अपवाद वगळता मातापित्यांची चौकशी करण्याचे प्रयोजन नव्हते. गोमंतकातही मुक्तीनंतर १९६२ च्या आदेशाने, २० डिसेंबर १९६१ पूर्वी जो स्वतः, अथवा ज्याचे आईवडील किंवा आजीआजोबा यांपैकी कोणी, गोवा, दमण व दीव येथे जन्मले होते, त्यास भारतीय नागरिक मानले. पूर्वीचे नागरिकत्व राखू इच्छिणाऱ्यांस तसे लेखी कळविण्यास एक महिन्याची मुदत होती.

आसामातील स्थलांतराचा प्रश्न आणि १९८५ चा आसाम करार यांनंतर कायदा बदलला. १ जुलै १९८७ पासून आई किंवा वडील यांपैकी एक जण भारतीय असणे आवश्यक झाले. ३ डिसेंबर २००४ पासून दोघेही भारतीय असावेत, किंवा एक भारतीय असून दुसरा बेकायदेशीर स्थलांतरित नसावा, अशी अट आली.

याचा परिणाम एका उदाहरणाने स्पष्ट होईल. एका घरात आई भारतीय आहे; वडील वैध कागदपत्रांवाचून देशात आलेले आहेत. त्यांचे १९८६ मध्ये जन्मलेले मूल केवळ जन्मस्थानामुळे नागरिक ठरते. १९९० मधील मूल आईमुळे ठरते. २००५ मधील मूल मात्र जन्माने नागरिक ठरत नाही. घर एक, आईबाप तेच, परंतु भावंडांचे कायद्यातील स्थान निरनिराळे.

नव्या तरतुदींचे समर्थक म्हणतात की, बेकायदा प्रवेशास नागरिकत्वाचे बक्षीस मिळू नये आणि कोणास आपले म्हणावे हे ठरविण्याचा राष्ट्रास अधिकार आहे. विरोधक म्हणतात की, आईबापांच्या कृत्याची शिक्षा मुलास का? ज्या मुलास अन्य कोणताही देश स्वीकारीत नाही, ते राष्ट्रहीन होते. शिवाय जन्मस्थान सिद्ध करणे सोपे, मातापित्यांचे नागरिकत्व सिद्ध करणे कठीण. आणि ते ओझे दरिद्री, निरक्षर व पोटासाठी गावोगाव फिरणाऱ्या कुटुंबांवर सर्वांत अधिक पडते. दोन्ही बाजूंत तथ्य आहे, म्हणूनच वाद मिटलेला नाही.

तथापि, एक गोष्ट वादातीत आहे. जन्माचा दाखला जन्माची तारीख व स्थळ दर्शवितो. मातापित्यांचे नागरिकत्व तो एकटा सिद्ध करीत नाही. म्हणून १९८७ नंतर जन्मलेल्यांच्या बाबतीत आईवडिलांचे कागदही मोलाचे ठरतात. १९६९ च्या अधिनियमान्वये जन्माची खबर २१ दिवसांच्या आत द्यावयाची असते. निबंधकाने नाव बिनचूक लिहिले, शिक्षकाने शाळेच्या दाखल्यात तेच नाव व तीच तारीख उतरविली आणि पालकांनी हे कागद जपून ठेवले, तर पुढे त्या मुलास स्वतःच्याच देशात आपली ओळख पटवीत हिंडावे लागणार नाही.