उतारवयातील दृष्टिपटल



साठी उलटलेला मनुष्य दिवेलागणीला उंबऱ्याशी ठेचकाळला की घरची माणसे म्हणतात, 'मोतीबिंदू पिकला!' असेलही. पण मोतीबिंदू हा डोळ्यातील भिंगाचा विकार. भिंग बदलता येते. त्यामागचे दृष्टिपटल बदलता येत नाही, आणि तेही म्हातारे होतच असते.

या पडद्यात अंधुक उजेडासाठी सुमारे १२ कोटी दंडपेशी, रंग व बारकावे टिपण्यासाठी ६० लाख शंकुपेशी. वयाबरोबर मध्याजवळच्या दंडपेशी आधी झडतात. शंकुपेशी पुष्कळशा तग धरतात. म्हणून दुपारी वर्तमानपत्र वाचणारे आजोबा उन्हातून माजघरात आले की बराच वेळ चाचपडतात. हा बहुधा वयाचा धर्म.

भ्यावे ते निराळ्याच गोष्टीला. दाराची सरळ चौकट वाकडी दिसू लागली, तर पडद्याच्या मध्यावरील पीतबिंदूखाली नव्या रक्तवाहिन्या फुटून पाझरत असण्याचा संभव असतो. २००४ पासून त्यावर डोळ्यात टोचावयाची औषधे निघाली आहेत. ती मुख्यतः उरलेली दृष्टी राखतात, म्हणून उशीर महागात पडतो. आणि उशीर होतोच, कारण दोन्ही डोळे उघडे असता चांगला डोळा वाइटाचे उणे झाकतो. आज घरी गेल्यावर एकेक डोळा झाकून चौकटीकडे पाहा. वाकडी दिसली, तर चष्मेवाल्याकडे नव्हे, नेत्रवैद्याकडे जा, आणि त्याच आठवड्यात जा.