ओठातील लाळगाठ : सुई नको, तपासणी हवी

किनवट तालुक्यातील इस्लापूर असो वा अन्य कोणतेही गाव, शाळकरी मुलाच्या खालच्या ओठात आतून निळसर, मऊ, न दुखणारा फोड दिसला, की तो सुईने फोडण्याचा मोह घरच्यांना होतो. तो टाळणे इष्ट होय.

मुखात 600 ते 1000 सूक्ष्म लाळग्रंथी असतात. ओठ दाताखाली चावला गेल्यास ग्रंथीची नलिका फाटते व चिकट लाळ आतच साठते. हीच लाळगाठ, वैद्यकात तिला म्युकोसील म्हणतात. ती कर्करोग नव्हे, संसर्गजन्यही नव्हे. अनेक लहान गाठी आपोआप जिरतात. सुई टोचल्याने लाळ वाहून जाते. परंतु दुखावलेली ग्रंथी तशीच राहते, गाठ पुन्हा भरते आणि जंतुसंसर्गाचे भय वाढते.

गाठ टिकून राहिल्यास दंतशल्यचिकित्सक जागा बधिर करून ती लगतच्या ग्रंथीसह काढतात. ओठ चावण्याची सवयही मोडली पाहिजे.

तंबाखू खाणाऱ्याच्या मुखातील टणक गाठ, पांढरा चट्टा किंवा दोन आठवड्यांत न भरणारा व्रण यांची गोष्ट निराळी. तेथे विलंब घातक ठरतो. तपासणी तातडीने करून घ्यावी. हा भेद शिक्षकांनी वर्गात आणि पंचायत सदस्यांनी ग्रामसभेत समजावून दिल्यास अनावश्यक भीती जाईल व आवश्यक उपचार वेळेवर होतील.