आधी कागद, मग कमिशन

विद्यार्थी मित्रांनो,

लातूरहून तुम्ही मला नांदेडला बोलावलंत. मी घर-जमिनीच्या व्यवहारातला नोंदणीकृत एजंट आहे, तेव्हा बोलणार ते माझ्या कामाबद्दलच.

आपल्या भागातला माणूस गाव सोडतो तो बहुतेक वेळा लेकरांच्या शिक्षणासाठी. नांदेड असो की लातूर, आधी शिकवणीची फी, मग भाड्याची खोली आणि पुढं कधीतरी स्वतःचा प्लॉट किंवा फ्लॅट. त्यासाठी एखादा एकर विकलेला असतो, आईच्या पाटल्या मोडलेल्या असतात. ते पैसे घेऊन तो माणूस एजंटाच्या दारात येतो. म्हणून या कामात शिकलेली, सचोटीची पोरं-पोरी यावीत असं मला फार वाटतं.

मे 2017 मध्ये महारेरा, म्हणजे घरांच्या प्रकल्पांवर नजर ठेवणारं राज्याचं प्राधिकरण, सुरू झालं. तिथं नोंदवलेल्या प्रकल्पातलं घर विकून द्यायचं तर एजंटालाही नोंदणी लागते. ती पाच वर्षं चालते. विनानोंदणी काम केलं तर दिवसाला 10 हजार रुपये दंड. 2023 पासून नोंदणीआधी वीस तासांचं प्रशिक्षण आणि परीक्षा आली. परीक्षा मराठीतूनही देता येते. नोंदणीकृत करार न करता बिल्डरनं 10 टक्क्यांहून जास्त रक्कम मागितली, तर गिऱ्हाइकाला तिथंच थांबवायचं.

पण शेताचा सौदा, जुनं घर, आठ फ्लॅटांपर्यंतची लहान इमारत, हे महारेराच्या बाहेर आहे. फसवणूक मी तिथं जास्त पाहिली. नुसत्या बाँडवर नोटरी करून प्लॉट हातात देतात. त्यानं मालकी मिळत नाही, रजिस्ट्रीच लागते. शिवाय आपला भाग पूर्वी निजामाच्या राज्यात होता. सातबाऱ्यावरचं नाव बघून इथं भागत नाही. जमीन इनामाची आहे का, कुळाची आहे का, परवानगीशिवाय विकता न येणारी वर्ग दोनची आहे का, फेरफार कसे पडत आले, हे सगळं मागं जाऊन बघावं लागतं. 1954-55 चं खासरा पत्रक, म्हणजे जमिनीच्या नोंदींचं जुनं पत्रक, काढावं लागतं. काही जुने कागद उर्दूत निघतात. मग ते वाचणारा जाणकार शोधा. या कष्टाला पर्याय नाही.

आणि गिऱ्हाइकाला पाण्याचं खरं सांगा. 2016 साली लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं होतं. बोअर कोरडा पडतो हे ठाऊक असताना गप्प बसणं मी फसवणूकच मानतो, कायद्याचं कलम लागो न लागो.

हे काम करायचं असेल त्यांनी आजपासून सुरुवात करावी. घरी गेल्यावर वडिलांकडून सातबारा मागून घ्या, एकेक फेरफार वाचा, न कळलेलं तलाठ्याला विचारा. मुलींनो, आजोबांच्या पश्चात वारसांची नोंद झाली असेल, तर तीत आत्याचं नाव लागलं आहे का, हेही बघा. लागलं नसेल तर घरात विचारा.