बाजारातली सावली: ताणलेल्या कापडाचं छत



आठवडी बाजारात भाजी घेऊन बसणाऱ्या आपल्या गटांतल्या बायका दिवसभर ऊन सोसतात. दुपारपर्यंत मेथी-कोथिंबीर माना टाकते, मग पडेल त्या भावाला द्यावी लागते. आपण सावली मागितली की पत्र्याची शेड एवढंच पुढे येतं. आज आपण दुसऱ्या पर्यायाची माहिती घेऊ. तो म्हणजे ताणलेल्या कापडाचं छत.

मुंबईचं वानखेडे स्टेडियम २०११च्या विश्वचषकाआधी नव्यानं बांधलं, तेव्हा प्रेक्षकांवर असंच छत घातलं. सौदी अरेबियात जेद्दाच्या विमानतळावर हज यात्रेकरूंसाठी १९८१ साली अशी २१० तंबूछतं उभी राहिली. पांढरं कापड बरंचसं ऊन परत फेकतं, थोडा उजेड खाली सोडतं. शिखराच्या मोकळ्या जागेतून गरम हवा वर निघून जाते. पत्रा मात्र तापला की खाली धग मारतो.

मग आपली ताडपत्री काय वाईट? बाज आठवा. नवार सैल झाली की झोळी होते, ताणून भरली की तीच नवार माणसाचं वजन पेलते. छताचंही तसंच. बळ ताणात असतं. म्हणून कापड सपाट नसतं, घोड्याच्या खोगिरासारखं असतं: समोरासमोरचे दोन कोपरे उंच, दोन खाली. त्यामुळे ते फडफडत नाही आणि पाणी खालच्या कोपऱ्यांकडे वाहून जातं.

असं छत पत्र्यापेक्षा सहसा महाग पडतं, पण खांब कमी लागतात, त्यामुळे बसायला जागा मोकळी मिळते. पंचायतीत विषय निघाला, तर आपण तीन गोष्टी विचारूया.

पहिली, पाया. छत हलकं असतं, म्हणून वादळ ते वर उचलायला बघतं. खांब आणि तारेचे दोर जमिनीत किती खोल, किती काँक्रीटमध्ये धरले आहेत? वाऱ्याचा हिशोब इंजिनिअरच्या सहीनिशी मागायचा.

दुसरी, कापड. प्लास्टिकचा लेप दिलेलं पॉलिएस्टर साधारण दहा ते पंधरा वर्षं टिकतं. हमी किती वर्षांची, ते कागदावर घ्यायचं.

तिसरी, देखभाल. दर पावसाळ्याआधी ताण कोण तपासणार, फाटलं तर कोण जोडणार? हे जोड उष्णतेनं चिकटवलेले असतात, सुई-दोऱ्यानं भागत नाही. खर्चाची तरतूद ठरावातच हवी.

जिथे झाड वाढू शकतं, तिथे झाड लावूच. पण झाडाला वर्षं लागतात, बाजार मात्र दर आठवड्याला भरतो. सावली ही बाजाराची गरज आहे, कुणाची मेहेरबानी नाही. येत्या ग्रामसभेला गटानं मिळून जाऊया आणि हे तीन प्रश्न लिहूनच नेऊया.