परदेशातील एक मुक्काम आणि आपले अतिथिगृह
(ज्ञातिमंडळाच्या जालना येथील वार्षिक संमेलनात केलेले भाषण)



कार्यक्रमपत्रिकेत आमच्या नावापुढे 'आफ्रिकेतील मुक्काम' असा विषय छापलेला आहे. प्रवासवर्णन ऐकण्याच्या उत्सुकतेने आपण जमला आहात. ती उत्सुकता आम्ही यथाशक्ती पुरी करू. परंतु आज सायंकाळच्या सभेत मंडळाच्या नियोजित अतिथिगृहाचा ठराव यावयाचा आहे, आणि त्यातील एका कलमाशी आमच्या विषयाचा फार जवळचा संबंध आहे. अतिथिगृह केवळ ज्ञातिबांधवांसाठी असावे की येईल त्या प्रवाशासाठी असावे, हा तो प्रश्न होय. या प्रश्नाचा विचार आमच्या मनात प्रथम आला तो घरापासून हजारो मैल दूर, एका परक्या गावच्या खोलीत. म्हणून आधी त्या खोलीविषयी सांगतो.

व्यापाराच्या निमित्ताने आम्हांस पश्चिम आफ्रिकेतील घाना देशाच्या राजधानीस, अक्रा शहरी, जावे लागले. पूर्वी या मुलुखास गोल्ड कोस्ट म्हणत. ६ मार्च १९५७ रोजी तो स्वतंत्र झाला आणि त्याने घाना हे नाव धारण केले. तिकडे जाणाऱ्यास पीतज्वराची लस टोचून घेतल्याचा दाखला जवळ बाळगावा लागतो, आणि तिकडून परत येताना आपले सरकारही तो दाखला पाहते. आपल्या घड्याळापेक्षा तेथील घड्याळ साडेपाच तास मागे. अशा रीतीने दिवसाची लांबी वाढवीत आम्ही रात्री फार उशिरा त्या विमानतळावर उतरलो. मुक्काम ठरविला होता तो विमानतळापासून अगदी जवळच्या एका लहान हॉटेलात.

अशा हॉटेलांस हल्ली 'बुटीक हॉटेल' म्हणतात. नाव भारी असले तरी गोष्ट साधी आहे. शेकडो खोल्यांचे, सगळीकडे एकाच साच्याचे असे हे हॉटेल नसते. खोल्या मोजक्या, प्रत्येकीची मांडणी निराळी, आणि सजावटीत त्या भूमीची कारागिरी. आमच्या खोलीत भिंतीवर 'केंटे' नावाच्या हातमागाच्या वस्त्राचा पट्टा होता. अरुंद पट्ट्या विणून त्या एकमेकींस जोडावयाच्या, अशी त्या वस्त्राची रीत. पैठणीच्या प्रदेशातून गेलेल्या माणसाचे लक्ष त्याकडे गेले नसते तरच नवल! कोपऱ्यात एकाच लाकडातून कोरून काढलेली बैठक होती. दारावर 'अक्वाबा' हा शब्द लिहिलेला होता. तिकडच्या अकान भाषेत त्याचा अर्थ 'आपले स्वागत असो'.

मध्यरात्र उलटत आली होती, तरी हॉटेलचा एक माणूस विमानतळाच्या दाराशी आमच्या नावाची पाटी धरून उभा होता. हॉटेलात पोहोचताच तेथील व्यवस्थापक बाईंनी पासपोर्ट पाहिला, नोंदवहीत सही घेतली, भाडे किती व त्यात काय काय येते हे छापील कागदावर दाखविले आणि एकच प्रश्न विचारला, "आपण काय खात नाही?" मांस व मासळी वर्ज्य असल्याचे आम्ही सांगितले. दुसऱ्या दिवशी पानात आले ते तिकडचे 'रेड-रेड' नावाचे अन्न, म्हणजे ताडतेलातील चवळीची दाट उसळ आणि पिकल्या केळ्यांचे तळलेले काप. त्यात एरवी पडणारी सुकी मासळी आमच्यापुरती वगळलेली होती. चवळी पाहून आम्हांस घरची आठवण झाली, हे कबूल केले पाहिजे.

रात्री एकदा वीज गेली. या प्रकारास तेथील लोक 'डुमसोर' म्हणतात. म्हणजे विझणे आणि पेटणे. भारनियमनाची वर्षे ज्याने जालन्यात काढली आहेत त्यास या शब्दाचा अर्थ समजावून सांगण्याची गरज नाही. जनित्र सुरू झाले आणि पहारेकरी दारावर टकटक करून पिण्याचे पाणी आहे ना, असे विचारून गेला.

बंधुभगिनींनो, ही सारी सुखे पैशाने मिळतात, त्यांत विशेष ते काय, असे कोणी म्हणेल. तसे म्हणणाऱ्यास आमचे सांगणे एवढेच की, पैशाने खोली मिळते. प्रश्न न विचारता ती मिळणे हे पैशावर अवलंबून नसते. आमचा वर्ण निराळा, भाषा निराळी, देव निराळे, अन्न निराळे. त्या बाईंस आमच्याविषयी जे जाणून घ्यावयाचे होते, ते आमच्या सोयीपुरतेच होते. याउलट आपल्याच महाराष्ट्रात, एका तीर्थक्षेत्री, आम्ही सहकुटुंब उतरावयास जागा मागितली असता खिडकीतील गृहस्थांनी प्रथम आमचे आडनाव विचारले, नंतर मूळ गाव विचारले, आणि मग खोल्या भरल्याचे सांगितले. आमच्या मागून आलेल्या कुटुंबास मात्र खोली मिळाली. त्या संस्थेचे नाव सांगण्याचे प्रयोजन नाही. कारण आडनाव विचारण्याची ती खिडकी एका संस्थेची नसून पुष्कळ ठिकाणी आहे, आणि उद्या ती आपल्याही इमारतीस असू शकेल.

प्रवाशाच्या निवाऱ्यावरून देशाची परीक्षा करण्याची रीत जुनी आहे. इब्न बतूता हा मोरोक्कोचा प्रवासी १३४२ च्या सुमारास दिल्लीच्या सुलतानाचा वकील म्हणून चीनकडे निघाला असता आपल्या दौलताबादेस येऊन गेला. दहा वर्षांनी, १३५२ मध्ये, तोच मनुष्य सहारा वाळवंट ओलांडून पश्चिम आफ्रिकेतील माली राज्यात पोहोचला. तेथील सुलतानाकडून पाहुणचार आला तो तीन भाकऱ्या, तळलेल्या मांसाचा एक तुकडा आणि भोपळ्याच्या पात्रातून दही, एवढाच! शाही वस्त्रे व द्रव्य यांची अपेक्षा करणाऱ्या त्या प्रवाशास हसू आवरेना, आणि ही तक्रार त्याने आपल्या वृत्तांतात नोंदवून ठेविली. परंतु त्याच वृत्तांतात त्याने माली देशाच्या लोकांची स्तुतीही केली आहे. त्या देशात प्रवाशास चोराचिलटाचे भय नाही. आणि परदेशी मनुष्य तेथे मरण पावला तर त्याची मालमत्ता कोणी बळकावीत नाहीत, खरा वारस येईपर्यंत ती विश्वासू माणसाच्या हाती ठेवितात, असे तो लिहितो. पाहुणचारात भाकऱ्या किती आल्या यापेक्षा परक्याचा जीव व वित्त सुरक्षित राहिले की नाही, ही कसोटी मोठी. ती आम्हांस आजही योग्य वाटते.

आता आपल्या जालन्याकडे वळू. आपल्या शहरातील काळी मशीद आणि तिच्याजवळची सराई ही जमशेदखानाने बांधविल्याचे सांगतात. सराई म्हणजे वाटसरूचे घर. कापसाच्या, धान्याच्या व्यापारास येणाऱ्या-जाणाऱ्यांवर हे गाव वाढले. विसाव्या शतकाच्या आरंभी मनमाड-हैदराबाद लोहमार्ग आला, तेव्हा स्टेशनाने नवे प्रवासी आणले. पुढे १९६४ नंतर बियाण्यांच्या उद्योगाने, आणि त्यामागून पोलादाच्या कारखान्यांनी, दूरदूरची माणसे येथे आणली. १ मे १९८१ रोजी जालना जिल्हा झाला आणि कचेऱ्यांच्या कामासाठी खेड्यापाड्यांतून लोक येऊ लागले. ३० डिसेंबर २०२३ रोजी जालना-मुंबई वंदे भारत गाडी सुरू झाली. समृद्धी महामार्ग जिल्ह्यातून गेला. चिकलठाण्याचा विमानतळ तर जालना रस्त्यावरच, येथून सुमारे पन्नास किलोमीटरवर आहे. सारांश, ज्या गावाची भरभराट परक्यांच्या येण्याजाण्यावर झाली, त्या गावात परक्यास दार बंद असलेले अतिथिगृह बांधणे विसंगत होय.

ज्ञातिसंस्थांनी निवासस्थाने बांधली ती वाईट हेतूने नव्हे, हे आम्ही जाणतो. कोल्हापुरात राजर्षी शाहू छत्रपतींनी १९०१ पासून निरनिराळ्या समाजांसाठी विद्यार्थिवसतिगृहांस आश्रय दिला. ज्यांस अन्यत्र जागाच मिळत नव्हती अशा मुलांना छप्पर मिळावे, हा त्यामागील हेतू होता. ती वसतिगृहे दार उघडण्यासाठी होती, लावून घेण्यासाठी नव्हती. हा भेद विसरल्यास साधन शिल्लक राहते आणि हेतू नाहीसा होतो.

दार लावून घेतल्याने काय होते, हे पहावयाचे असेल तर १९१७ सालचे बडोदे आठवावे. न्यूयॉर्क व लंडन येथे शिकून आलेले डॉक्टर बाबासाहेब आंबेडकर संस्थानच्या नोकरीवर रुजू होण्यासाठी त्या शहरी गेले. राजाचा आश्रय होता, विद्या होती, भाडे देण्यास पैसे होते. मात्र उतरावयास जागा नव्हती. शेवटी पारशी लोकांच्या एका विश्रामगृहात ते नाव बदलून राहिले. जात कळताच लाठ्या घेतलेला जमाव आला आणि त्यांस बाहेर पडावे लागले. मित्रांनीही घरी ठेवून घेण्यास असमर्थता दाखविली. मुंबईची गाडी सुटेपर्यंतचा वेळ त्यांनी सार्वजनिक बागेत बसून काढला. हा प्रसंग त्यांनी स्वतः लिहून ठेविला आहे. एका रात्रीच्या निवाऱ्याचा प्रश्न माणसाच्या आयुष्यात केवढा मोठा असू शकतो, हे त्यावरून कळते.

याच्या उलट उदाहरण श्रीगाडगेमहाराजांचे. हा मनुष्य स्वतः फुटके गाडगे व खराटा यांखेरीज काही बाळगीत नसे. परंतु पंढरपूर, नाशिक, आळंदी येथे त्याने गोरगरिबांसाठी धर्मशाळा उभ्या केल्या. पंढरपूरची चोखामेळा धर्मशाळा ज्यांस इतर दारे बंद होती त्यांच्यासाठी बांधली. २० डिसेंबर १९५६ रोजी महाराज निवर्तले. धर्मशाळा मात्र वाटसरूंच्या उपयोगी पडत राहिल्या.

कायद्यानेही हीच दिशा दाखविली आहे. राज्यघटनेच्या पंधराव्या अनुच्छेदात हॉटेलांचा, आणि अस्पृश्यतेविरुद्धच्या १९५५ च्या अधिनियमात धर्मशाळा, सराई व मुसाफिरखाना यांचा नावानिशी उल्लेख आहे. आपल्यासारख्या खाजगी मंडळास त्यातील कोणते कलम कितपत लागू पडते, याची चर्चा वकिलांनी करावी. कलमाच्या कडेकडेने चालणारी संस्था होण्यापेक्षा त्याच्या हेतूस धरून चालणारी संस्था होणे आपणांस अधिक शोभेल.

आता आक्षेपांचा विचार करू. पैसा आपल्या लोकांचा, मग लाभ इतरांस का, असे काही वडीलधाऱ्या मंडळींचे म्हणणे आहे. त्यांच्या भावनेचा आम्ही आदर करितो. त्यांस आमची विनंती अशी की, आपल्या मुली-सुना आज पुण्या-मुंबईस, बंगलोरास, इतकेच नव्हे तर परदेशी एकट्या राहतात. त्यांना प्रत्येक गावी ज्ञातिमंडळाचे अतिथिगृह कोठून मिळणार? त्या परक्याच्या चांगुलपणावरच राहतात. जे आपण जगाकडून रोज घेतो, ते जगास देण्याची वेळ आली असता हात आखडता घेणे बरे नव्हे.

दुसरा आक्षेप असा की, ऐन लग्नसराईत आपल्याच माणसांस जागा उरणार नाही. हा आक्षेप रास्त आहे, आणि त्याचा उपाय सोपा आहे. आधी मागणी नोंदविणाऱ्या सभासदांसाठी ठरावीक खोल्या ठरावीक मुदतीपर्यंत राखून ठेवाव्या. मुदत संपताच त्या सर्वांस खुल्या कराव्या. तिसरा आक्षेप स्वयंपाकघराचा. तेथे शाकाहारच शिजेल असा नियम करावयाचा असल्यास खुशाल करावा. तो येणाऱ्या प्रत्येकास सारखा लागू असावा, म्हणजे झाले. नियम अन्नास लावावा, माणसास लावू नये.

म्हणून सायंकाळच्या सभेस आमच्या सूचना अशा आहेत. ठरावातील 'केवळ ज्ञातिबांधवांसाठी' हे शब्द काढून त्या जागी 'सर्व प्रवाशांसाठी' हे शब्द घालावे. नोंदवहीत कायद्यास आवश्यक तेवढीच माहिती घ्यावी. जात विचारू नये. भाड्याचा फलक दारातच लावावा. रात्रीच्या गाडीने येणाऱ्यासाठी एक माणूस जागा ठेवावा आणि दिवा लावलेला असावा. एकट्या स्त्रीस खोली नाकारू नये. दोन खोल्या रुग्णांच्या नातेवाइकांसाठी आणि परीक्षेस येणाऱ्या खेड्यांतील विद्यार्थ्यांसाठी अल्प भाड्याने राखाव्या. इमारत लहान असली तरी चालेल. चादर स्वच्छ असावी आणि पाणी भरलेले असावे.

आपल्या जिल्ह्यातील जांब हे समर्थ रामदासस्वामींचे जन्मगाव. त्या पुरुषाने बारा वर्षे देशाटन केले, ते दारोदारच्या अपरिचित गृहस्थांच्या आधारावर. अशा भूमीत राहणाऱ्या आपण दाराशी आलेल्यास प्रथम काय विचारावे, हे आज ठरवावयाचे आहे. "आपण कोण?" असे विचारावे की "आपण जेवलात काय?" असे विचारावे? मत देताना प्रत्येक सभासदाने या प्रश्नाचे उत्तर आपल्या मनाशी द्यावे, एवढी विनंती आहे.